ज्याचा उजेड, त्याची झिलई: ड्रम संचाच्या रंगरूपाचा इतिहास

१/
१९६३ चा वसंत. लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवरील ‘ड्रम सिटी’ या दुकानात एक तरुण ड्रमर नवा संच घ्यायला येतो. सोबत व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन. ड्रमरची नजर एका नमुन्यावर खिळते. काळ्या, करड्या आणि पांढऱ्या लाटा एकमेकींत मिसळलेल्या, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमक. त्या फिनिशचे नाव ‘ऑयस्टर ब्लॅक पर्ल’. संच अमेरिकेतील ‘लडविग’ कंपनीचा होता, पण निवडीला कारण ठरला तो रंग. ड्रमरचे नाव रिंगो स्टार.

२/
मित्रहो, वाद्य ऐकायचे असते. मग त्याच्या रंगाची इतकी चिंता कशासाठी? आज नवा संच घेणारा प्रत्येक ड्रमर या प्रश्नापाशी अडतो. लग्नसमारंभात चालेल तो रंग क्लबमध्ये भडक दिसेल का? सभागृहात शोभणारे साधे लाकूड मैदानावरच्या कार्यक्रमात हरवून जाईल का? या प्रश्नांची उत्तरे मागच्या शंभर वर्षांच्या इतिहासात दडलेली आहेत. हा धागा त्या इतिहासाचा.

३/
आरंभ अंधारातून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बेस ड्रम, स्नेअर ड्रम आणि झांजा यांसाठी वेगवेगळे वादक असत. जागा आणि पैसा वाचवण्यासाठी ही वाद्ये हळूहळू एकाच माणसाच्या हाती आली. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम आणि थिओबाल्ड या लडविग बंधूंनी कंपनी स्थापन केली. त्यांच्या वेगवान पायपेडलमुळे बेस ड्रम पायाने वाजवणे सुलभ झाले आणि दोन्ही हात मोकळे झाले. एका वादकाचा ड्रम संच येथून खऱ्या अर्थाने उभा राहिला.

४/
त्या काळातील अनेक ड्रमर मूकपटांच्या चित्रपटगृहांत काम करीत. घोड्यांच्या टापा, ढगांचा गडगडाट, रेल्वेची शिट्टी असे सारे आवाज त्यांनीच काढायचे. प्रेक्षकांचे डोळे पडद्यावर. ड्रमर खाली, अंधाऱ्या खळग्यात. त्याच्याकडे पाहणारे कोणी नव्हते, म्हणून ड्रमही साधेच असत: महॉगनी वा मेपलचे नैसर्गिक लाकूड, फार तर काळा किंवा पांढरा इनॅमल रंग.

५/
१९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ आला आणि चित्रपट बोलू लागला. पुढच्या काही वर्षांत चित्रपटगृहांतील हजारो वादकांची नोकरी गेली. ड्रमरांपुढे नृत्यशाळांचा रस्ता उरला. तेथे पडदा नव्हता, वाद्यवृंदच मंचावर बसे आणि त्याच्या मध्यभागी ड्रम असे. ज्याला आजवर कोणी पाहिले नव्हते, त्याच्याकडे आता सारे पाहू लागले. उपजीविका टिकवायची तर दिसणेही आता कामाचा भाग झाले. ड्रमच्या रंगाचा इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

६/
पहिली सजावट मोठी रम्य होती. बेस ड्रमच्या दर्शनी पानावर सूर्यास्त, सरोवर, डोंगर यांची चित्रे रंगवत आणि ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावत. अंधाऱ्या नृत्यशाळेत ते चित्र आतून उजळे. या दिव्याचा दुसराही उपयोग होता. पान वासराच्या कातड्याचे असे. दमट हवेत ते सैल पडून सूर उतरे; दिव्याच्या उबेने ते ताणलेले राही. आपल्याकडे हलगी वाजवण्यापूर्वी जाळावर शेकतात, ते याच कारणासाठी.

७/
पाठोपाठ सेल्युलॉइड आले. जॉन वेस्ली हायट या अमेरिकी संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना हा पदार्थ व्यवहारात आणला. त्यात मोत्यासारखी चमक मिसळलेले पातळ पत्रे तयार होत. कंगवे, आरशांच्या पाठी, ॲकॉर्डियन यांवर ते आधीच दिसत होते. १९२० च्या दशकात ड्रम बनवणाऱ्यांनी हाच पत्रा लाकडी कवचाभोवती गुंडाळून चिकटवला. ‘पर्ल’ फिनिश जन्माला आले. आज ज्याला ‘रॅप’ म्हणतात, त्याचे हे पूर्वज.

८/
या चमकेला एक धोकादायक बाजू होती. सेल्युलॉइड म्हणजे मुळात सेल्युलोज नायट्रेट, अतिशय ज्वालाग्राही. जुन्या चित्रपटांच्या फिती याच पदार्थाच्या असत. २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील नायट्रेट फिती भस्मसात झाल्या, हे अनेकांना स्मरत असेल. त्या फिती आणि नृत्यशाळेतले झगमगते ड्रम ही एकाच रसायनाची भावंडे.

९/
पर्ल सर्वांना परवडणारे नव्हते. स्वस्त पर्याय मिळाला तो मोटारींच्या कारखान्यातून. ‘ड्यूपाँ’ कंपनीचे ‘ड्यूको’ हे लवकर वाळणारे लॅकर १९२० च्या दशकात मोटारी रंगवण्यासाठी आले. ड्रम बनवणाऱ्यांनी त्याचे दुरंगी पट्टे काढले: निळा आणि रुपेरी, काळा आणि सोनेरी. तेव्हापासून ड्रमच्या फिनिशचे दोन मार्ग पडले. एक गुंडाळायचा, दुसरा रंगवायचा. आजही दुकानात गेल्यावर पहिली निवड याच दोहोंत करावी लागते.

१०/
आता हार्लेमला जाऊ. १९२७ च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या ‘कॉटन क्लब’मध्ये रुजू झाला. त्यांचे ड्रमर सनी ग्रीअर यांच्याभोवती टिंपनी, घंटानळ्या, गाँग, व्हायब्राफोन यांची आरासच असे. ग्रीअर त्यांच्यामध्ये राजासारखे बसत. पण मंचावरचे कलाकार कृष्णवर्णीय आणि समोरचे गिऱ्हाईक श्वेतवर्णीय, अशी त्या क्लबची रीत होती. ग्रीअर यांच्या ऐश्वर्याकडे जे डोळे विस्फारून पाहत, ते त्यांना शेजारच्या टेबलावर बसू देणारे नव्हते. झगमगाटाचा इतिहास वाचताना हे विसरून चालणार नाही.

११/
त्याच हार्लेममध्ये १९२६ पासून ‘सॅव्हॉय बॉलरूम’ होते. तेथे काळे-गोरे एकत्र नाचत. तेथला अनभिषिक्त सम्राट म्हणजे चिक वेब. लहानपणी मणक्याच्या क्षयामुळे त्यांची पाठ वाकली, उंची खुंटली. मोठ्या बेस ड्रममागे ते झाकले जात, म्हणून त्यांचे आसन उंच चौथऱ्यावर असे. ‘ग्रेच’ कंपनीने त्यांच्यासाठी जो खास संच घडवला, त्यावर कोंबडीच्या पिल्लांची नक्षी होती. ‘चिक’ म्हणजे पिल्लू! ज्या देहाकडे लोक दयेने पाहिले असते, त्याच्याकडे आता साऱ्या हार्लेमने कौतुकाने पाहावे, याची सोय त्या संचाने केली.

१२/
११ मे १९३७. सॅव्हॉयमध्ये चिक वेब आणि बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांची जुगलबंदी झाली. आत हजारोंची गर्दी, बाहेर रस्त्यावर त्याहून अधिक. गुडमन यांच्या बाजूने ड्रमवर होते जीन क्रूपा, त्या वेळचे देशभर गाजणारे नाव. त्या रात्री वेब सरस ठरले आणि क्रूपा यांनी त्यांना वाकून दाद दिली, ही आठवण जाझच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, वेब गेले.

१३/
क्रूपा यांचा संच ‘स्लिंगरलँड’ कंपनीचा, ‘व्हाइट मरीन पर्ल’ फिनिशचा. हा रंग नृत्यशाळेला इतका का मानवला? पांढरी सपाटी आपल्यावर पडेल तो उजेड परत फेकते. निळा झोत टाका, ड्रम निळा. लाल टाका, ड्रम लाल. शिवाय मोत्याच्या लाटांमुळे एकसुरी पांढरेपणा येत नाही. काळ्या सुटातील वादकांच्या रांगेत मागे ठेवलेला पांढरा संच शेवटच्या माणसालाही दिसतो. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत आणि लग्नाच्या स्वागतसमारंभांत पांढरा वा शॅम्पेन रंगाचा संच आजही लोकप्रिय आहे, त्याचे मूळ येथे आहे.

१४/
मग दुसरे महायुद्ध आले. धातू रणगाड्यांना आणि विमानांना हवा होता. अमेरिकी सरकारच्या आदेशानुसार वाद्यांच्या एकूण वजनात धातूचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, असे बंधन आले. कंपन्यांनी कड्या आणि पकडीसुद्धा लाकडाच्या केल्या. त्या काळचे ड्रम आज पाहिले की त्यांवरील पर्ल अधिकच केविलवाणे भासते. वरून उत्सव, खालून टंचाई.

१५/
युद्धानंतर मोठे वाद्यवृंद आर्थिकदृष्ट्या परवडेनासे झाले. चार-पाच वादकांचे बीबॉप लहान तळघरांत शिरले. न्यूयॉर्कचे ‘बर्डलँड’ १९४९ च्या अखेरीस उघडले. श्रोता हाताच्या अंतरावर आला, मंच आक्रसला, तसा बेस ड्रमही लहान झाला. ब्रुकलिनच्या ग्रेच कंपनीने १९५० च्या दशकात ‘कॅडिलॅक ग्रीन’ हा गडद हिरवा रंग आणि सोन्याचा मुलामा दिलेली धातुसामग्री आणली. नाव मोटारीवरून घेतलेले. जवळून पाहणाऱ्याला झगमगाटापेक्षा खोली आणि घडणीतील सफाई अधिक भावते, हे त्या रंगाने ओळखले होते.

१६/
हे संगीत मुंबईला परके नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे येथील जाझ वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते आणि त्यांतील कित्येकांच्या कलेवर हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा उभा राहिला. रात्री हॉटेलच्या दिव्यांखाली वाजवणारा हाच वादक दिवसा ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत बसे. तेथे त्याला पाहणारे कोणी नसे. मूकपटाच्या खळग्यातला अंधार मुंबईत असा नव्या रूपाने परतला होता. नाव पडद्यावर नाही, चेहरा कोणाला ठाऊक नाही.

१७/
आता पुन्हा १९६३ मध्ये. नृत्यशाळा आणि क्लब यांनंतरचा तिसरा मंच म्हणजे दूरचित्रवाणी, तीही कृष्णधवल. लाल काय आणि हिरवा काय, पडद्यावर दोन्ही करडेच. ऑयस्टर ब्लॅक पर्लमध्ये मात्र काळा, करडा आणि पांढरा हे तीनच स्वर मुळात होते. रिंगो यांनी हा हिशेब केला नसेल. त्यांना तो रंग आवडला इतकेच. तरीही रंग हिरावून घेणाऱ्या त्या माध्यमात या फिनिशचे काहीच हरवले नाही.

१८/
आणखी एक गोष्ट त्या दुकानात ठरली. रिंगो यांना अमेरिकी ‘लडविग’ हे नाव पानावर हवे होते. एप्स्टाइन यांना चमूचे नाव हवे होते. दुकानमालक आयव्हर आर्बिटर यांनी कागदावर अक्षरे रेखाटली: बी मोठा, टीचा पाय खाली लांबवलेला. पाट्या रंगवणारे एडी स्टोक्स यांनी ती पानावर उतरवली. या कामाचे पाचेक पौंड पडले, असे सांगितले जाते. जगातील सर्वांत ओळखीच्या चिन्हांपैकी एक असे जन्मले: एका दुकानदाराच्या पेन्सिलीतून आणि एका पाटीवाल्याच्या कुंचल्यातून.

१९/
९ फेब्रुवारी १९६४. ‘एड सलिव्हन शो’मध्ये बीटल्स प्रथमच अमेरिकेपुढे थेट आले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. रिंगो उंच चौथऱ्यावर होते. बेस ड्रम २० इंचांचा, म्हणजे लहान, म्हणून त्यांचा चेहरा झाकला गेला नाही. लडविगच्या शिकागोतील कारखान्यात मागणीचा पूर लोटला आणि काम अहोरात्र चालू लागले. असंख्य मुलांनी त्या रात्री ठरवले की आपल्यालाही ड्रम हवेत, आणि त्यांतल्या अनेकांना ते त्याच रंगात हवे होते.

२०/
पुढचा मंच अधिक मोठा आणि अधिक बेफाम. १९६७ मध्ये ‘द हू’चे कीथ मून यांच्यासाठी ‘प्रीमिअर’ कंपनीने चित्रांच्या चौकटींनी मढवलेला संच तयार केला. ‘पिक्चर्स ऑफ लिली’ या नावाने तो ओळखला जातो. रॅप आता नुसता रंग राहिला नव्हता. तो जाहिरातीचा फलक झाला. ड्रमरचे व्यक्तिमत्त्व त्याच्या संचावर छापता येते, हे येथून मान्य झाले. ‘सानुकूल छपाईचा रॅप’ ही आजची सोय त्याच वाटेने आली आहे.

२१/
१९७० च्या दशकात लाकडाचेच उच्चाटन झाले. बिल झिकोस यांनी आधीच पारदर्शक ॲक्रिलिकचे ड्रम बनवले होते. १९७२ च्या सुमारास लडविगने ‘व्हिस्टालाइट’ आणले. ‘लेड झेपेलिन’चे जॉन बॉनम यांनी त्यातील अंबर, म्हणजे मधासारखा रंग निवडला. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील त्यांचे वादन चित्रित झाले आणि १९७६ च्या चित्रपटातून जगभर पोहोचले. मागून प्रकाश सोडला की संपूर्ण ड्रम पेटलेल्या कंदिलासारखा दिसे. लडविगने तर ‘टिव्होली’ नावाने दिवे बसवलेले संचही काढले. ड्रमच्या पोटातला १९२० च्या दशकातला दिवा पन्नास वर्षांनी परत आला होता.

२२/
मग प्रत्येक मोठ्या मैदानाला भडक ड्रमच हवा का? येथे चार्ली वॉट्स आठवावेत. ‘रोलिंग स्टोन्स’सारख्या चमूबरोबर प्रचंड मैदाने गाजवताना त्यांनी दीर्घकाळ १९५७ चा, नैसर्गिक मेपलचा, चार ड्रमांचा ग्रेच संच वापरला. वॉट्स मनाने जाझचे वादक होते आणि त्यांनी तळघरातल्या क्लबची शालीनता मैदानावर नेली. भोवतालचा सारा मंच ओरडत असताना मधोमध शांत बसलेले ते साधे लाकूड अधिकच उठून दिसे. नियम ठाऊक असणाऱ्यालाच तो मोडणे शोभते.

२३/
आता नेहमीचा वाद: फिनिशने आवाज बदलतो का? कवचाची जाडी, लाकूड, कडांची घडण, पाने आणि सूर लावण्याची पद्धत यांचा प्रभाव निर्विवाद मोठा आहे. त्यांच्या तुलनेत नीट चिकटवलेल्या रॅपचा परिणाम अल्प. मात्र रॅप सैल सुटला असेल तर तो थरथरतो. दोन व्यावहारिक भेद ध्यानात ठेवावेत. लॅकरखाली लाकूड दिसते, म्हणून वरचा थर देखणा लागतो आणि किंमत वाढते. रॅप ओरखडे सोसतो आणि खराब झाल्यास बदलता येतो. लॅकरवरचा ओरखडा दुरुस्त करणे किचकट असते.

२४/
काळही आपला रंग चढवतो. उन्हाने आणि वयाने व्हाइट मरीन पर्ल पिवळसर होते. जुन्या संचाचे कड्याखाली झाकलेले भाग पांढरे आणि उघडे भाग सायीसारखे दिसतात. संग्राहक याच खुणांवरून संच मूळचा आहे की दुरुस्त केलेला, हे ओळखतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी ड्रमचा फिका पडलेला रॅप हाही एक दस्तऐवज आहे: तो किती उन्हात होता आणि किती पेटीत, हे त्यावर लिहिलेले असते.

२५/
तर निवड करताना इतिहास काय सुचवतो?
• लग्न, स्वागतसमारंभ, मोठा वाद्यवृंद: पांढरा पर्ल वा शॅम्पेन. कोणत्याही सजावटीशी आणि झोताशी जुळतो.
• लहान क्लब, बैठकीची मैफल: नैसर्गिक लाकूड वा गडद लॅकर. श्रोता जवळ असतो.
• नाटक, संगीतिका, प्रार्थनास्थळ: काळा वा गडद, चमक कमी. तेथे ड्रमने लक्ष वेधणे अपेक्षित नसते.
• कॅमेऱ्यापुढील वादन: ठळक नक्षी चालते, पण आरशासारखी चमक दिव्यांचे प्रतिबिंब पकडते.
• उघडे मैदान, मोठा मंच: स्पार्कल किंवा पारदर्शक ॲक्रिलिक.

२६/
आणि एकच संच घेऊन सगळीकडे जायचे असेल, जसे आपल्यापैकी बहुतेकांना जावे लागते, तर? काळा, रुपेरी स्पार्कल किंवा ऑयस्टर पर्ल यांपैकी एक, तोही रॅपमध्ये. टेम्पोत सामान चढवताना-उतरवताना लॅकरची जी दशा होते, ती पाहवत नाही. पहिला संच असेल तर रंगावरचा खर्च वाचवून तो चांगल्या पानांवर आणि झांजांवर करावा. मंचावर दिसण्याआधी ऐकू यायला हवे.

२७/
डिसेंबर २०१५ मध्ये रिंगो यांचा तो ऑयस्टर ब्लॅक पर्ल संच लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. लाकूड, सेल्युलॉइडसारखा पत्रा आणि काही धातूच्या कड्या यांची ती किंमत नव्हती. मूकपटाच्या अंधारात नोकरी गमावलेले वादक, कॉटन क्लबमधले ग्रीअर, चौथऱ्यावर बसलेले चिक वेब, मुंबईच्या ध्वनिमुद्रण खोल्यांतले अनाम गोमंतकीय, या सर्वांना दिसायचे होते. काहींना उजेड मिळाला, काहींना नाही. पुढच्या वेळी एखाद्या मंडपात मागे ठेवलेला झगमगता ड्रम संच पाहाल, तेव्हा त्यामागे बसलेल्या माणसाचा चेहराही क्षणभर पाहा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याचे नाव विचारा.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या वाद्यवृंदातील ड्रम संचाचा रंग आठवत असेल तर खाली जरूर लिहा; जुने छायाचित्र असेल तर अधिकच उत्तम.